टिकलीखाली काहीच नव्हतं

माझे वडील कामठीला पॉवरलूमवर कामाला होते. बारा-बारा तास मागाच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान लवकर गेले, त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलत. आई विड्या वळायची. आम्ही पाच भावंडं तेंदूची पानं कापून तिच्यापुढे टाकायचो. आठवड्यातून एकदा ती विड्यांचे कट्टे घेऊन कारखान्यात जायची. तिथं एक तपासनीस बसलेला असे. तो कट्टा दाबून बघायचा, हुंगायचा, मधली विडी उपसून मोडायचा आणि मूठ-मूठ विड्या बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणत. छाटीतल्या विड्यांची मजुरी मिळत नसे आणि विड्याही परत मिळत नसत. आई तिथं काही बोलायची नाही. बाहेर आल्यावर म्हणायची, "त्याले वाटते आपण सारे चोर आहो. त्याचं कामच तसं हाये."

दोन भाऊ शाळा सोडून हॉटेलात कपबश्या धुवायला लागले. मोठ्या बहिणीचं लग्न ती सातवीत असतानाच उरकलं. मी शेंडेफळ, त्यात आडमुठी. मला कुणी शाळेतून काढलं नाही, कारण काढायला आले तर मी रडून मोहल्ला गोळा करायचे. अशी रडत-भांडत मी बी.ए. झाले. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजचा उंबरा ओलांडणारी मी पहिली. निकाल सांगायला वडिलांच्या कानाशी तीनदा ओरडावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांना कळलं, तोवर शेजारपाजारच्या चार घरांना कळून चुकलं होतं.

पुढे परीक्षा देऊन मी कारागृह खात्यात महिला शिपाई म्हणून लागले. शेजारची कौसल्याकाकू दुसऱ्याच दिवशी आईला विचारायला आली, "काहून वं, पोरगी जेलात गेली म्हणते तुही? काय केलं तिनं?"

आई म्हणाली, "नोकरी."

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी जेलातच होते. त्यातली बरीच वर्षं मुलाकातीच्या खिडकीवर गेली. लोकांना वाटतं जेलची नोकरी म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, उंच भिंती आणि सिनेमातले दादा लोक. माझ्या वाट्याला आल्या त्या बायका. कैद्यांच्या आया, बायका, बहिणी, मावश्या. त्यांची कागदं बघायची, त्यांना प्रश्न विचारायचे, आडोशाच्या खोलीत नेऊन त्यांची झडती घ्यायची आणि आत सोडायचं.

मुलाकातीचे नियम बाहेरच्या माणसाला माहीत नसतात, म्हणून थोडक्यात सांगते. कैदी दोन जातीचे. ज्याचा खटला अजून चालू आहे तो कच्चा, ज्याला शिक्षा लागली तो पक्का. कच्च्याला भेटी जास्त मिळतात, पक्क्याला कमी. भेटायला कुणीही उठून येऊ शकत नाही. कैद्यानं आत गेल्यावर आपल्या माणसांची नावं लिहून द्यायची असतात. त्या यादीत नाव हवं, आधार कार्ड हवं, नातं पटायला हवं. मोबाइल, पर्स, डबा, काही आत न्यायचं नाही. खाऊ नाही, अंगारा नाही, प्रसाद नाही. कपडे द्यायचे तर खिडकीवर द्यायचे, आम्ही शिवण-शिवण चाचपून आत पाठवतो. आत गेल्यावर मध्ये काच असते. इकडे एक फोन, तिकडे एक फोन. पूर्वी जाळी होती, तेव्हा सगळे एकदम ओरडायचे. मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. आता काच आल्यापासून शांतता आहे. ज्यांना येणं होत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओवरूनही भेट होते. पण आई असली की ती येतेच. तिला काचेला हात लावायचा असतो.

आणि एक नियम पुष्कळांना माहीत नसतो. कैदी भेटीला नाही म्हणू शकतो. बाहेर माणूस चार तास ताटकळलेलं असो, आतल्यानं मान हलवली की रजिस्टरवर 'नकार' लिहायचं आणि त्या माणसाला परत पाठवायचं.

आता संशयाचं सांगते. हा आमच्या धंद्याचा पाया आहे. माझ्या खिडकीवर एक गृहस्थ यायचे, पांढरा सदरा, हातात छत्री. पहिल्यांदा आले तेव्हा एका कैद्याचे मामा म्हणून आले. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कैद्याचे मामा. चौथा भाचा निघाला तेव्हा मी विचारलं, "काका, तुम्हाला बहिणी किती?"

"चार, मॅडम."

"आणि चारही बहिणींची पोरं जेलात?"

"काय सांगू बाप्पा," ते म्हणाले, "बहिणीईच्या नशिबी भाचेच तसे आले."

"भाचे नाही, पोरं."

"तेच ते." छत्री उचलून गेले, पुन्हा दिसले नाहीत.

एकदा एकाच कैद्याला भेटायला एकाच दिवशी दोन बाया आल्या. नातं विचारलं तर दोघी म्हणाल्या, बायको. यादीत एकच नाव. त्यांनी खिडकीसमोर एकमेकींचे केस धरले. आम्ही आत विचारणा केली, तर त्या बहाद्दरानं दोघींनाही नकार कळवला आणि म्हणाला, इथंच बरं आहे.

हे हसण्यावारी गेलं. पण खर्रा हसण्यावारी जात नाही. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला ऐवज. आमच्या भागात माणसाला जेवण नसलं तर चालतं, खर्रा लागतो. आत त्याच्यावरून डोकी फुटतात. एका म्हातारीच्या अंबाड्यात मी खर्ऱ्याच्या सात पुड्या काढल्या. मी एक एक पुडी काढत होते आणि ती म्हणत होती, "हे कुठून आलं वं?" दुसऱ्या एकीच्या मंगळसूत्राच्या वाट्या जरा जाड वाटल्या. दाबून बघितल्या तर आतून पोकळ, आणि आत काळी गोळी, चिकट. ती तंबाखू नव्हती. त्या पकडीबद्दल मला साहेबांकडून शाबासकीचं पत्र मिळालं. ते मी फ्रेम करून घरी लावलं. बी.ए.च्या सर्टिफिकेटाशेजारी.

त्या दिवसापासून मी माझी एक पद्धत पाडली. बाईचा जरासा संशय आला की तिचं मंगळसूत्र, बांगड्या, टिकली सगळं काढून ट्रेमध्ये ठेवायचं, टोकन द्यायचं, जाताना परत घ्या म्हणायचं. असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. नियम एवढंच म्हणत होता की झडती नीट घ्यावी. नीट म्हणजे किती, ते मी ठरवलं. माझ्याबरोबरच्या नव्या पोरींनीही तेच उचललं, कारण शाबासकीचं पत्र माझ्याकडे होतं.

घरीही माझी ही सवय गेली नाही. नवरा बाजारातून आला की पिशवी मी आधी वरून चाचपायची, मग आत बघायची. तो म्हणायचा, "बाई, भाजी आहे, तिले जामीन मिळाला आहे." मुलीच्या मैत्रिणी माझ्यासमोर हात मागे बांधून उभ्या राहत. मला त्याचा मनातून अभिमान वाटे. बेबीबाई यायच्या आधीची ही गोष्ट आहे.

बेबीबाई हिंगण्याकडच्या एका खेड्यातली. तिचा एकुलता एक मुलगा अतुल तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत होता. शिफ्ट सुटताना गेटवर भांडण झालं, अतुलनं समोरच्याला ढकललं, तो मागे पडला आणि डोक्याला मार लागला. अतुल आत आला. कच्चा कैदी. आल्या-आल्या त्यानं जेवण टाकलं. एकदा त्यानं स्वतःला इजा करून घेतली, तेव्हा दवाखान्याच्या बराकीत ठेवून त्याच्यावर पहारा लावला. नंतर जरा सावरला. आई दर गुरुवारी येते, त्यानंच पोरगं तग धरून आहे, असं आतले नानोटे हवालदार म्हणायचे. नानोटे म्हणजे भेटीच्या वेळी कैद्यांना आतून काचेपर्यंत आणणारे. मी बाहेरच्या बाजूला, ते आतल्या बाजूला.

बेबीबाईकडे तोवर मी नीट पाहिलंही नव्हतं. कागद बरोबर, नातं बरोबर, बाई गरीब. शिक्का मारायचा आणि सोडायचं.

एका गुरुवारी माझा शेअर ऑटो लवकर पोचला. गेटपासून थोड्या अंतरावर एक कडुनिंब आहे, त्याखाली भेटीला येणारी माणसं बसतात. तिथं रस्त्याकडे पाठ करून एक बाई बसलेली दिसली. कपाळ मोकळं, हात मोकळे, गळा मोकळा. तिनं पिशवीतून आरसा काढून मांडीवर ठेवला. टिकलीचं पाकीट काढलं, एक टिकली लावली, ती दोनदा काढून पुन्हा सरळ लावली. हिरव्या बांगड्या काढल्या, तीन या हातात, तीन त्या हातात. मग मंगळसूत्र. सगळं करून इकडेतिकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. चेहरा फिरवला तेव्हा ओळखलं. अतुलची आई.

माझ्या अंगातून वीज गेली. म्हटलं, सापडली. इतके महिने ही माझ्या नाकाखालून काय नेत होती? जी बाई दागिने गेटसमोर घालते आणि बहुतेक गेटसमोरच काढते, तिच्या दागिन्यांत काहीतरी आहे. चहा घेतला, ड्युटीवर गेले, खिडकी उघडली.

तिचा नंबर आला. आधार कार्ड दिलं.

"नवरा काय करतो?" मी विचारलं.

"घरी हायेत."

"कधी आला नाही भेटायला?"

"पाय दुखते त्याईचे." आधी खिडकीच्या गजाकडे बघून मग उत्तर दिलं. खोटं बोलणारं माणूस कुठं बघतं ते मला वर्षानुवर्षांच्या सरावानं कळतं. ती खोटं बोलत होती. ते मात्र मी बरोबर ओळखलं.

झडतीच्या खोलीत नेलं. "मंगळसूत्र काढा."

"मॅडम, हे नका काढाले लावू."

"का?"

"नका ना लावू. बाकी सारं पाहा तुमी. लुगडं पाहा, चप्पल पाहा."

जे काढू नका म्हणतात तेच आधी काढायचं असतं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, "काढायचं नसेल तर घरी जा. पुढच्या गुरुवारी या."

"मंग पुढच्या गुरुवारीच येतो मी," ती म्हणाली आणि खरंच दाराकडे वळली. आता दोन तास ताटकळत बसलेली आई मुलाला न भेटता परत निघते, याचा अर्थ मी काय लावणार? मी दार अडवलं. "थांबा. आता झडती झाल्याशिवाय बाहेरही जाता येणार नाही."

तिनं मंगळसूत्र काढलं. बांगड्या एक एक करून काढल्या. टिकली काढायला हात कपाळाकडे गेला आणि तिथंच थांबला, म्हणून मीच नखानं ती उचलली. उलटी करून बघितली. डिंक होता. वाट्या दाबून बघितल्या, भरीव होत्या. बांगड्या काचेच्या. अंबाडा सोडून बघितला, पदराची किनार बघितली. काहीच नव्हतं.

इथं मी थांबायला हवं होतं. दागिने परत देऊन म्हणायला हवं होतं, बाई, घाला आणि जा. पण काही सापडलं नाही की संशय कमी होत नाही, वाढतो. मला वाटलं, हिनं मला पाहिलं असावं, माल आधीच फेकला असावा. मी सगळं ट्रेमध्ये ठेवलं, टोकन तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "जा, पुकारा झाला."

ती उभीच राहिली. पुकारा पुन्हा झाला. मग तिनं डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढला, दोन्ही हात पदरात घेतले आणि गेली. मी मागोमाग दाराशी उभी राहिले. मला बघायचं होतं, ती मुलाला काय खूण करते ते.

अतुल काचेपलीकडे बसला होता. हसून फोन उचलला. तिलाही उचलावा लागला. फोन उचलायला हात पदरातून बाहेर आला. रिकामा हात. तो मनगटाकडे बघत राहिला. मग त्यानं हातानं खूण केली, पदर मागे घे. ती नाही म्हणत राहिली. शेवटी तिनं पदर मागे घेतला.

आवाज मला ऐकू येत नव्हता. त्याचे ओठ दिसले. एकच शब्द होता, "बाबा?" तिनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली.

त्यानं फोन खाली ठेवला नाही, तो हातातून सुटला आणि वायरीला लोंबकळत राहिला. नानोटेंनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून आत नेलं. भेट पाच मिनिटंही झाली नव्हती.

बेबीबाई टोकन द्यायला माझ्यासमोर आली. मी ट्रे पुढे केला. तिनं एक एक वस्तू पिशवीत टाकली, घातली नाही. मग म्हणाली, "तीन महिने त्याचा बाप मी जित्ता ठेवला होता, मॅडम. तुमी एका टिकलीत मारला."

तिथंच उभ्यानं तिनं सांगितलं. अतुल आत आल्यावर महिन्याभरात त्याचे वडील हृदयविकारानं गेले होते. गावात लोक म्हणाले, पोराच्या पायी गेला. हे जर पोराच्या कानावर गेलं तर तो आत जीव देईल, या भीतीनं तिनं सांगितलंच नाही. बापाच्या मातीला मुलाला पोलिसांच्या पहाऱ्यात आणता येतं, कोर्टाची परवानगी काढावी लागते, हे तिला वकिलानं सांगितलंही होतं. ती नको म्हणाली. तेव्हापासून दर गुरुवारी कडुनिंबाखाली बसून सवाष्ण व्हायचं, वीस मिनिटं हसायचं आणि बाहेर येऊन सगळं पिशवीत भरायचं.

खरं सांगते, मी तेव्हाही विश्वास ठेवला नाही. तिला म्हटलं, "मृत्यूचा दाखला आहे?" पुढच्या गुरुवारी ती घेऊन आली, पॉलिथिनमध्ये घडी करून. तारीख वाचली. मग मात्र माझी मान खाली गेली ती वर येईना.

त्या गुरुवारी मी तिचा पुकारा लावला. आतून निरोप आला, नकार. पुढच्या गुरुवारी नकार. तिसऱ्या गुरुवारी नकार. ती आता कडुनिंबाखाली आरसा काढत नव्हती. सरळ खिडकीवर यायची, तशीच. चार तास बसायची, मी 'नकार' म्हटलं की उठायची. एकदा विचारलं, "जेवते का तो, तेवढं सांगा." तेही मला नियमाप्रमाणे सांगता येत नव्हतं. सांगितलं नाही. जेवत नव्हता.

मी नानोटेंना गाठलं. "काय म्हणतो हो पोरगा?"

"काय म्हणन? भिंतीकडं तोंड करून पडून राह्यते. म्हणते, आईनं मले तीन महिने येड्यात काढलं. बाबा कसे हायेत विचारलं की हसून सांगे, मजेत हायेत, तुह्यासाठी कुरडया वाळत घातल्या. मंग आता आई काय सांगन त्यातलं खरं काय?"

"तिनं त्याच्यासाठीच केलं ना ते."

"मी बी तेच बोललो. तर म्हणते, नानोटेभाऊ, तुमाले आईनंच शिकवून पाठवलं असन." नानोटे हसले, पण हसण्यात जोर नव्हता. "त्याले आता कोणाचाच भरवसा नाई. आई लोकाईले पाठवून खोटं बोलवते म्हणते. ताई, त्याच्यावर परत पहारा लावला हाये. मले भेव वाटते."

घरी आले. फ्रेम केलेलं पत्र समोर होतं. मी विचार करत राहिले, या पोराला कुणाचं पटेल? आईचं नाही, वकिलाचं नाही, नानोटेंचं नाही. आमच्या धंद्यात एक अनुभव आहे. जबाब कुणाचा खरा मानायचा? ज्याला त्या जबाबातून फायदा आहे त्याचा मानायचा नाही. ज्याचं त्यात नुकसान आहे, त्याचा मानायचा. आणि कडुनिंबाखाली ती बाई काय करत होती, ते जगात एकट्या मी पाहिलं होतं.

बसून निवेदन लिहिलं. साहेबांच्या नावे, अर्जाच्या मराठीत. मी अमुक दिवशी अमुक बाईला गेटबाहेर बांगड्या भरताना पाहिलं. आरसा मांडीवर ठेवून तिनं टिकली लावली, ती दोनदा काढून पुन्हा सरळ लावली. मी संशय घेतला. नियमात नसताना मी तिचं मंगळसूत्र, बांगड्या आणि टिकली काढायला लावली. तिनं विनंती केली, भेट सोडून परत जाण्याची तयारी दाखवली, मी जाऊ दिलं नाही. काही सापडलं नाही, तरी परत दिलं नाही. ही चूक माझी आहे. बंद्याला त्याच्या आईबद्दल जो गैरसमज झाला आहे तो दूर व्हावा, यासाठी हे निवेदन त्याला वाचायला द्यावं आणि दोघांची काचेशिवाय, समोरासमोर भेट घडवावी, ही विनंती.

साहेबांनी दोनदा वाचलं. "बाई, हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहून देताय. चौकशी लागेल. सेवापुस्तकात नोंद होईल."

"होऊ द्या, सर."

"बढती तोंडावर आहे तुमची. तोंडी दिलगिरी सांगून भागलं असतं."

"तोंडी सांगितलेलं तो मानणार नाही, सर. मीही मानलं नसतं."

साहेब थोडे हसले. कागद ठेवून घेतला. चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली, बढती पुढे गेली. घरच्यांना मी महिनाभर सांगितलं नाही.

निवेदनाची एक प्रत कारागृहाच्या कल्याण अधिकाऱ्यांनी अतुलला दिली. नानोटे शेजारी उभे होते. त्यांनी नंतर सांगितलं ते असं. अतुलनं कागद घेतला, पाठीमागून बघितला, सही बघितली, शिक्का बघितला. मग वाचला. टिकली दोनदा काढून पुन्हा सरळ लावली, त्या ओळीवर बोट ठेवून थांबला.

"नानोटेभाऊ, हे मॅडमनं स्वतःच लिवलं?"

"मंग काय मी लिवलं? माही मराठी अशी हाये का?"

"त्याईले काही झालं का याच्यापायी?"

"ताकीद भेटली. बढती गेली."

त्यानं कागदाची नीट घडी घातली. म्हणाला, "मंग खरं असन. कोणी स्वतःचं नुकसान करून खोटं नाई लिवत." मग म्हणाला, "आई कधी येते?"

गुरुवारी समोरासमोर भेटीची परवानगी होती. कल्याण अधिकाऱ्यांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. बेबीबाई आली. मी तिची झडती घेतली. त्या दिवशीही सोडली नाही. समोरासमोर भेट म्हणजे हातात हात जातो, आणि हातात काय आहे ते मला माहीत असायलाच हवं. ती हसली. पहिल्यांदाच माझ्यासमोर हसली.

"घ्या बाई, घ्या," ती म्हणाली, "आता लपवाले काई राह्यलं नाई माह्यापाशी."

खोलीच्या दाराशी मी उभी राहिले, नियम आहे. अतुल आत आला. आईसमोरच्या खुर्चीत बसला. मग तो म्हणाला, "मातीले काहून नाई बलावलं मले?"

"भेव वाटलं."

"कशाचं?"

"तुहं. बेड्या घालून आणतीन तुले, साऱ्या गावासमोर. मंग तू परत आत जाऊन..." पुढचं तिला बोलता आलं नाही. त्यानं टेबलावरून हात पुढे केला. तिनं तो धरला आणि रडायला लागली. नवऱ्यासाठी. तिला चार महिन्यांत कुणासमोर मोकळं रडता आलं नसणार, गावात पोराचं नाव निघेल म्हणून आणि इथं पोराला कळेल म्हणून. अतुलही रडला. मी त्यांच्या हातांकडे बघत होते, कारण तिथं बघायचं माझं काम होतं. वेळ संपल्यावरही मी दोनदा घड्याळाकडे बघितलं नाही, तिसऱ्यांदा बघितलं.

मी आयुष्यभर संशय घेऊन नोकरी केली आणि मला त्याची लाज नाही. माझ्या खिडकीतून जे आत गेलं नाही, त्यामुळे आत काही डोकी शाबूत राहिली असतील. पण त्या ट्रेमधल्या सहा हिरव्या बांगड्या मला अजून दिसतात. ताकीद मिळाली ती दागिन्यांसाठी मिळाली. परत निघालेल्या बाईला मी दार अडवलं, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. ते मी इथं लिहून ठेवते.

त्याच वर्षी साहेबांनी आदेश काढला. भेटीला येणाऱ्या स्त्रियांचं मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, टिकली काढून घेऊ नये. ती अंगावरच हातानं तपासावी. संशय राहिला तर वरिष्ठांना बोलवावं. मसुदा मला लिहायला सांगितला. मी लिहिला, तसाच टाईप झाला, खिडकीवर लागला.

अतुलचं जेवण सुरू झालं, पहारा उठला. जामीन मिळेपर्यंत एकाही गुरुवारी त्याच्या नावापुढे 'नकार' लिहावं लागलं नाही.